मिठातला क्लोरीन, नळातला क्लोरीन

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला आणि बडोद्याच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले. अशा पुरानंतर नेहमी घडते तेच तेव्हाही घडले: घराघरांत क्लोरीनच्या गोळ्यांची आणि ब्लीचिंग पावडरीची चर्चा सुरू झाली, आणि नळाच्या पाण्याला औषधासारखा वास येतो ही तक्रार जो तो करू लागला. आमच्या शेजारच्या काकूंनी त्या दिवसांत मला एक प्रश्न विचारला. "अहो, मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, असे नातवाच्या पुस्तकात लिहिले आहे. म्हणजे क्लोरीन आपण रोज आमटीत घालतो. मग मिठाला तो वास का येत नाही? आणि तो विषारी असेल, तर इतकी वर्षे मीठ खाऊन आपल्याला काही झाले कसे नाही?"

प्रश्न भाबडा वाटला तरी तो थेट मर्मावर बोट ठेवणारा आहे. त्याचे उत्तर आवर्तसारणीच्या एका उभ्या रकान्यात, म्हणजे सतराव्या गणात, दडलेले आहे. या गणातल्या मूलद्रव्यांना हॅलोजन म्हणतात.

हॅलोजन म्हणजे दिवा नव्हे

गणपतीच्या मांडवात किंवा गरब्याच्या मैदानावर कोणी "दोन हॅलोजन लावा" म्हणाले, की डोळ्यांपुढे येतो तो झगझगीत, तापणारा दिवा. हे नाव त्या दिव्याला उगाच मिळालेले नाही. साध्या बल्बमध्ये तापलेल्या टंगस्टनच्या तारेवरून अणू हळूहळू उडतात, काचेवर काळा थर धरतात आणि तार झिजत जाते. बल्बमध्ये थोडे आयोडीन किंवा ब्रोमीन भरले, तर उडालेले टंगस्टन काचेजवळच्या भागात त्याच्याशी संयोग पावते. ते संयुग फिरत फिरत तापलेल्या तारेजवळ आले की तुटते आणि टंगस्टन पुन्हा तारेवर बसते. त्यामुळे तार अधिक तापवता येते आणि उजेडही अधिक मिळतो. हल्ली मैदानावर लागणारे बहुतेक दिवे एलईडीचे असतात आणि त्यांत ही युक्ती नसतेच. नाव मात्र मागे राहिले आहे.

शब्दाचा मूळ अर्थ आपल्याला परका वाटू नये. ग्रीक भाषेत 'हाल्स' म्हणजे मीठ, आणि 'जन' हा भाग आपल्या 'जन्' धातूच्याच कुळातला. म्हणून हॅलोजन म्हणजे लवणजनक. धातूशी संयोग पावून मीठ तयार करणारी ही मूलद्रव्ये वरून खाली अशी येतात: फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन. त्यांच्याखाली ॲस्टटाइन आहे. १९४० मध्ये प्रयोगशाळेत तयार केलेले हे मूलद्रव्य किरणोत्सारी असून त्याचे सर्वात टिकाऊ रूपही सुमारे आठ तासांत निम्मे होते. त्याहीखालचे टेनेसीन २०१० मध्ये जेमतेम काही अणूंच्या संख्येत मिळाले. रोजच्या व्यवहारात या दोघांशी आपली गाठ पडत नाही, तेव्हा पुढचे सारे विवेचन पहिल्या चौघांचे आहे.

कीर्तनातली एक रिकामी जागा

अणूच्या मध्यभागी धनप्रभार असलेले केंद्रक असते आणि त्याच्याभोवती ऋणप्रभार असलेले इलेक्ट्रॉन एकाबाहेर एक अशा कवचांत असतात. विठ्ठलमंदिरातल्या कीर्तनाचे चित्र डोळ्यांपुढे आणले तर हे सोपे होईल. मधोमध उभा कीर्तनकार हे केंद्रक, भोवतीच्या गोलाकार रांगा ही कवचे आणि श्रोते हे इलेक्ट्रॉन. शेवटच्या रांगेत आठ जण बसले की बैठक पूर्ण होते आणि सगळे स्थिर होते. हॅलोजनांच्या बैठकीत शेवटच्या रांगेत सात जण असतात. एकच जागा रिकामी असते, आणि ती भरून काढण्याची ओढ हाच या संपूर्ण कुटुंबाचा स्वभाव आहे.

चौघांतला फरक रांगांच्या संख्येत आहे. फ्लुओरीनच्या बैठकीत दोनच रांगा, क्लोरीनच्या तीन, ब्रोमीनच्या चार आणि आयोडीनच्या पाच. दारावरून जाणाऱ्या एखाद्या माणसाला आत येऊन त्या रिकाम्या जागेवर बसावेसे किती वाटेल, हे कीर्तनकाराचा आवाज त्या जागेपर्यंत किती स्पष्ट पोहोचतो यावर ठरणार. रांगा वाढल्या की अंतर वाढते, शिवाय पुढच्या रांगांतल्या कुजबुजीत आवाज विरतो. इथे जाणकार वाचक हरकत घेईल: खाली जाताना केंद्रकातला धनप्रभारही ९, १७, ३५, ५३ असा वाढतो, म्हणजे कीर्तनकाराचा आवाजही चढतो, मग ओढ कमी का व्हावी? हरकत रास्त आहे. परंतु आतल्या रांगांतले इलेक्ट्रॉनही त्याच प्रमाणात वाढतात आणि वाढलेला बहुतेक आवाज तेच अडवतात. उरतो तो अंतराचा परिणाम, आणि तो खालच्या मूलद्रव्यांच्या विरुद्ध जातो.

दुसऱ्या अणूबरोबर वाटून घेतलेले इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचण्याच्या या क्षमतेला विद्युतऋणता म्हणतात. फ्लुओरीनची विद्युतऋणता सुमारे ४.०, क्लोरीनची ३.२, ब्रोमीनची ३.० आणि आयोडीनची २.७ आहे. सगळ्या मूलद्रव्यांत फ्लुओरीनचा आकडा सर्वात मोठा. फ्लुओराइडपासून, म्हणजे इलेक्ट्रॉन मिळून बैठक भरलेल्या फ्लुओरीनपासून, हे मूलद्रव्य सुटे करताना अनेक रसायनज्ञांना इजा झाल्या. ते काम अखेर १८८६ मध्ये फ्रान्सच्या आंरी म्वासां यांना विजेच्या साहाय्याने साधले आणि १९०६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. इतका उशीर होण्याचे कारण सरळ आहे. ज्याने इलेक्ट्रॉन पकडला तो फ्लुओरीन, त्याच्या हातून तो हिसकावून घेणारे दुसरे रसायन आणायचे कुठून?

वायू, द्रव, स्थायू

एकाच कुटुंबातली ही चार भावंडे दिसायला इतकी वेगळी की नाते सांगितल्याशिवाय कळू नये. खोलीच्या तापमानाला फ्लुओरीन फिकट पिवळा वायू असतो, क्लोरीन हिरवट पिवळा वायू, ब्रोमीन तांबूस तपकिरी द्रव आणि आयोडीन करड्या काळ्या रंगाचा चकाकणारा स्थायू. तापवल्यावर मात्र आयोडीनची सुरेख जांभळी वाफ होते. त्यांचे उत्कलनबिंदू अनुक्रमे उणे १८८, उणे ३४, ५९ आणि १८४ अंश सेल्सिअस आहेत.

या चारही मूलद्रव्यांचे अणू जोडीने राहतात आणि ती जोडी म्हणजे त्यांचा रेणू. पक्क्या पाकाचे, घट्ट वळलेले लाडू डब्यात सुटे राहतात, पण मऊ लाडू एकमेकांना चिकटून बसतात. फ्लुओरीनचा रेणू लहान आणि त्याचे इलेक्ट्रॉन घट्ट धरलेले, म्हणून दोन रेणूंमध्ये आकर्षण नाममात्र राहते. आयोडीनचा रेणू मोठा, त्याचे बाहेरचे इलेक्ट्रॉन सैल. ते जरासे इकडेतिकडे सरकले तरी शेजारच्या रेणूशी आकर्षण निर्माण होते. अणूची पकड सैल होते तसे रेणू एकमेकांना अधिक चिकटतात, ही गंमत लक्षात घेण्यासारखी आहे.

वरच्या मूलद्रव्याची ओढ जास्त, या नियमाला एक खोडही आहे आणि पाठ्यपुस्तकांत ती अनेकदा एका ओळीत उरकली जाते. एकट्या अणूला एक इलेक्ट्रॉन मिळाल्यावर बाहेर पडणारी ऊर्जा मोजली, तर एका मोलला (म्हणजे अणूंच्या एका ठरावीक, प्रचंड संख्येला) फ्लुओरीनसाठी ती ३२८ किलोज्यूल भरते आणि क्लोरीनसाठी ३४९. म्हणजे इथे पहिला नंबर क्लोरीनचा! कीर्तनाच्याच भाषेत सांगायचे, तर फ्लुओरीनची बैठक इतकी दाटीवाटीची आहे की आधीच्या सात जणांचे कोपर नव्याला लागतात. तरीही प्रत्यक्ष रासायनिक क्रियेत फ्लुओरीनच वरचढ ठरतो, कारण एक तर त्याच्या रेणूतल्या दोन अणूंचा बंध कमजोर असतो आणि तो सहज तुटतो, आणि दुसरे म्हणजे तयार होणारा इवलासा फ्लुओराइड आयन, म्हणजे प्रभार आलेला अणू, इतरांशी, पाण्याशीसुद्धा, फार घट्ट जोडला जातो. हिशेब एका आकड्यावर संपत नाही. सगळ्या जमाखर्चाची बेरीज करावी लागते.

वरचा खालच्याला उठवतो

ज्याची ओढ जास्त, तो कमी ओढ असलेल्याच्या हातातला इलेक्ट्रॉन काढून घेतो. याला विस्थापन म्हणतात. पोटॅशियम आयोडाइडच्या रंगहीन द्रावणात क्लोरीनचे पाणी घातले की द्रावण तपकिरी होते, कारण क्लोरीनने आयोडाइडकडून इलेक्ट्रॉन घेतला आणि आयोडीन सुटे झाले. उलट, मिठाच्या द्रावणात आयोडीन कितीही घाला, काही घडत नाही.

शाळेतला हा प्रयोग आपल्या गुजरातेत मोठा उद्योग झाला आहे. कच्छच्या मिठागरांत मीठ काढून घेतल्यावर जे कडू पाणी उरते, त्यात ब्रोमाइड साठलेले असते. त्यात क्लोरीन सोडला की ब्रोमीन मोकळे होते. मग वाफेने किंवा हवेने ते उडवून गोळा करतात. १८२६ मध्ये आंत्वान बालार यांनी फ्रान्समधल्या मिठागराच्या पाण्यातून ब्रोमीन शोधले, तेही असेच क्लोरीन वापरून. मिठापासून काढलेला क्लोरीन मिठाच्याच उरलेल्या पाण्यातून आपल्या धाकट्या भावाला बाहेर काढतो, असा हा प्रकार आहे.

भुकेला क्लोरीन आणि तृप्त क्लोराइड

आता काकूंच्या प्रश्नाकडे वळू. सोडियमच्या शेवटच्या रांगेत एकटाच इलेक्ट्रॉन असतो आणि तो सहज सुटतो. तो क्लोरीनला मिळाला की क्लोरीनची बैठक पूर्ण होते. या भरलेल्या रूपाला क्लोराइड म्हणतात. नावात 'आइड' आले की इलेक्ट्रॉन मिळालेला आहे असे समजावे: फ्लुओराइड, ब्रोमाइड, आयोडाइड. क्लोरीन दिसेल त्याच्याकडून, मग ते आपल्या नाकाघशाचे अस्तर का असेना, इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि म्हणूनच जाळतो. क्लोराइडला कोणाकडून काही नको असते. आमटीत विरघळतो तो क्लोराइड. आपल्या रक्तातही तो असतो आणि जठरातले आम्ल तयार करायला शरीर त्याचाच उपयोग करते. नाव जवळजवळ एक, पण स्वभाव उपाशी वाघ आणि जेवून झोपलेला वाघ यांच्याइतका भिन्न.

या तृप्त क्लोराइडला पुन्हा उपाशी करायचे, तर किंमत मोजावी लागते आणि ती विजेच्या रूपात असते. बडोद्याजवळ रानोली येथे गुजरात अल्कलीज अँड केमिकल्स या कंपनीचा कारखाना आहे. तिथे मिठाच्या द्रावणातून वीज सोडून कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन मिळवतात. एक टन कॉस्टिक सोड्यामागे सुमारे ८८० किलो क्लोरीन आपोआप निघतो आणि त्यासाठी दोन हजार युनिटांहून अधिक वीज लागते. कच्छचे मीठ आणि आपल्या थाळीतले मीठ यांत रसायन म्हणून काही फरक नाही. क्लोराइड आणि क्लोरीन यांत जो काय फरक पडतो, तो या विजेने पडतो.

मग ते विष पाण्यात कशाला?

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला आणि त्याच्या लोटाने सैनिक गुदमरून मेले. तोच पदार्थ नळाच्या पाण्यात घालतात, हे ऐकून कोणालाही धक्का बसेल. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मधला फरक मात्रेचा आहे.

पाण्यात विरघळल्यावर क्लोरीनपासून हायपोक्लोरस आम्ल तयार होते. त्याच्या रेणूवर प्रभार नसल्याने तो जिवाणूच्या आवरणातून सहज आत शिरतो आणि तिथली प्रथिने व इतर रेणू यांच्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेतो, जिवाणू मरतो. हे करता करता क्लोरीन स्वतः क्लोराइड होऊन जातो, म्हणजे काम संपले की शस्त्र आपोआप बोथट होते. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे ग्राहकाच्या नळापर्यंत पोहोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. बडोद्याला पाणी पुरवणाऱ्या आजवा सरोवरातले पाणी शुद्धीकरण केंद्रात कितीही निर्मळ केले, तरी तिथून घरापर्यंत कित्येक किलोमीटरचे नळ असतात आणि एखाद्या सांध्यातून गटाराचे पाणी आत झिरपू शकते. वाटेतल्या अशा प्रसंगासाठी ही शिल्लक ठेवलेली असते. त्यामुळे पाण्याला येणारा सौम्य वास मला तरी खटकत नाही; पुरानंतर तो अजिबात आला नाही, तर मात्र मी पाणी उकळल्याशिवाय पिणार नाही.

वास फार उग्र असेल तर? पोहण्याच्या तलावावर डोळे झोंबवणारा जो वास येतो, तो बहुतांशी निव्वळ क्लोरीनचा नसतो. घाम आणि मूत्र यांतल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइने तयार होतात, त्यांचा तो वास. पिण्याचे पाणी काही वेळ उघडे ठेवले किंवा उकळले की वास जातो, पण त्याबरोबर संरक्षणही जाते. म्हणून त्यानंतर ते झाकून ठेवावे आणि त्यात हात बुडवू नयेत.

याहून गंभीर आक्षेप असा, की पाण्यातल्या कुजलेल्या पानापाचोळ्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी संयुगे तयार होतात. हे १९७० च्या दशकात लक्षात आले आणि तो आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. या संयुगांनाही मानकात मर्यादा घातलेल्या आहेत. परंतु उपाय कोणता, हे पाहायला हवे. क्लोरीन घालण्यापूर्वीच गाळ आणि सेंद्रिय कचरा नीट काढणे हा तो उपाय. निर्जंतुकीकरणच थांबवले, तर दीर्घकाळच्या लहान धोक्याच्या बदल्यात आठवडाभरातली पटकी पदरात पडेल.

उपवासाचे मीठ आणि उडून जाणारे आयोडीन

प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. ते कमी पडले तर गलगंड होतो, आणि गरोदरपणात कमी पडले तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. आपल्याकडे दुकानातल्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे असा नियम आहे. दहा ग्रॅम मिठातून बरोबर १५० मायक्रोग्रॅम मिळते, हे ज्याला हवे त्याने ताडून पाहावे.

मिठात मिसळतात ते आयोडेट, आयोडाइड नव्हे. आणि त्याचे कारण आपण वर पाहिलेल्या उतरंडीतच आहे. रिकाम्या जागेची ओढ आयोडीनला सर्वात कमी, म्हणून आयोडाइडच्या हातून इलेक्ट्रॉन सहज निसटतो. दमट हवेत आयोडाइडचे पुन्हा आयोडीन होते आणि ते उडून जाते. आयोडेटमधल्या आयोडीनने इलेक्ट्रॉन आधीच गमावलेले असतात आणि ते ऑक्सिजनशी बांधलेले असते, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन त्याचे काही बिघडवू शकत नाही. बटाट्याच्या फोडीवर मीठ टाकून ती निळी पडली नाही, म्हणून मीठ नकली ठरवणारे लोक मला भेटले आहेत. निळा रंग सुट्या आयोडीनमुळे येतो, आयोडेटमुळे नाही. तपासणीच्या द्रावणात आयोडेटचे आयोडीन करणारी रसायने मुद्दाम घातलेली असतात.

एकादशीला शेंदेलोण खाण्यात काहीच गैर नाही. मात्र 'नैसर्गिक आहे' म्हणून वर्षभर तेच वापरणाऱ्या घराने आयोडीन दुसरीकडून कुठून मिळते याचा विचार करावा, कारण शेंदेलोणात ते नगण्य असते.

फ्लुओराइड तृप्त असूनही

इथवर मी तृप्त आयन निरुपद्रवी असे चित्र रंगवले. फ्लुओराइड त्याला अपवाद आहे. त्याला इलेक्ट्रॉन नको असतो हे खरे, पण आकाराने लहान असल्यामुळे तो कॅल्शियमशी फार घट्ट जोडला जातो. दातांच्या आवरणात तो अल्प प्रमाणात बसला, तर आवरण आम्लाला अधिक दाद देईनासे होते. टूथपेस्टमध्ये तो असतो तो याचसाठी. तोच पिण्याच्या पाण्यातून वर्षानुवर्षे जास्त गेला, तर दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे आखडतात. मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५. उत्तर गुजरातचा काही भाग, तसेच मध्य प्रदेशातले झाबुआ आणि धार या जिल्ह्यांतल्या खोल विहिरींना ही व्याधी आहे. पाणी उकळून ती जात नाही. उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढते.

नॉनस्टिक तव्याचे गूढही याच मूलद्रव्यात आहे. कार्बन आणि फ्लुओरीन यांचा बंध इतका बळकट असतो की त्या लेपाला कशाशीच संयोग करायचा नसतो. जगातल्या सर्वात आक्रमक मूलद्रव्यापासून सर्वात निर्विकार पृष्ठभाग तयार होतो तो असा. त्याच बळकटीमुळे या जातीची कित्येक रसायने मातीत आणि पाण्यात विघटन न होता साठत राहतात, ही सध्याच्या चिंतेची बाब आहे.

न्हाणीघरातली एक चूक

पुरानंतर घरे धुताना ब्लीचिंग पावडर टाकतात आणि फरशीवरचे डाग जावेत म्हणून त्यावरच ॲसिडची बाटली ओततात. दोन औषधे एकत्र केली की जोर वाढेल, असा त्यामागचा समज असतो. ब्लीचिंग पावडरीतल्या हायपोक्लोराइटवर हायड्रोक्लोरिक ॲसिड पडले, की ॲसिडमधल्या क्लोराइडचा इलेक्ट्रॉन काढला जातो आणि दोन्हींतून क्लोरीन वायू बाहेर पडतो. रानोलीच्या कारखान्यात ज्यासाठी वीज खर्चावी लागते, ते इथे बंद न्हाणीघरात फुकट आणि क्षणात घडते. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो, आणि फरशी घासणारा माणूस नेमका उकिडवा बसलेला असतो. असा वास येऊ लागला तर पाणी ओतत किंवा पुसत बसू नये; श्वास रोखून उठावे, दार उघडे टाकून बाहेर मोकळ्या हवेत यावे, आणि खोकला किंवा छातीतली जळजळ थांबली नाही तर दवाखाना गाठावा.